शारीरिक अपंगत्वासह मोठे होणाऱ्या मुलाची कादंबरी कशी लिहावी

शारीरिक अपंगत्व असलेले मूल मध्यवर्ती असलेल्या बालकादंबऱ्या वाचताना मला एक उणीव वारंवार जाणवते: त्या मुलाचे वय वाढते, पण मूल वाढत नाही. पहिल्या प्रकरणात ते खिडकीशी बसून बाहेर खेळणाऱ्या मुलांकडे पाहत असते आणि शेवटच्या प्रकरणात कोणीतरी त्याला खेळायला बोलावते, किंवा त्याला एखादे बक्षीस मिळते आणि सगळे सभागृह टाळ्या वाजवते. मधल्या काळात त्याची उंची वाढली का, बूट लहान झाले का, आईने अंघोळ घातलेली त्याला नकोशी वाटू लागली का, त्याने कधी खोटे बोलून पाहिले का, यांपैकी कशाचाही पत्ता लागत नाही. मोठे होणे प्रत्येक मुलाच्या वाट्याला येते. या मुलाच्या वाट्याला मात्र फक्त अपंगत्व येते.

अशी कादंबरी लिहायला घेणाऱ्यांनी कामाला कुठून सुरुवात करावी, कशाची माहिती करून घ्यावी आणि कोणते मोह टाळावेत, ते पुढे सांगितले आहे. नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठीची कादंबरी मी डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण आईवडिलांचा हात हवासाही वाटतो आणि नकोसाही वाटतो, अशी ओढाताण याच वयात सुरू होते, आणि ज्या मुलाला रोजच्या कामांत खरोखरच कोणाचा तरी हात लागतो, त्याच्या बाबतीत ती कितीतरी पटींनी तीव्र असते.

आधी मुलाची इच्छा ठरवा

लेखनाला बसण्यापूर्वी एका वाक्यात उत्तर लिहून काढावे: या मुलाला काय हवे आहे? उत्तरात ‘चालायचे आहे’, ‘इतरांसारखे व्हायचे आहे’ किंवा ‘आपण कोणापेक्षा कमी नाही हे जगाला दाखवायचे आहे’ असे काही आले, तर ते खोडून पुन्हा विचार करावा. अशा इच्छा मुलांना नसतात असे मुळीच नाही. पण त्यांच्यावर रचलेली कथा एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहते आणि त्या प्रश्नाचे उत्तर लेखकाने आधीच ठरवलेले असते. मुलांच्या इच्छा याहून पुष्कळ ठोस आणि हट्टी असतात, आणि मोठ्यांच्या दृष्टीने कधीकधी अगदी क्षुल्लकही असतात.

या लेखापुरती आपण एक मुलगी कल्पू. तिचे नाव रेवा, वय अकरा. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याची स्थिती, आहे आणि तिच्या दोन्ही पायांचे स्नायू ताठ राहतात. घरात ती कोपराच्या कुबड्या घेऊन चालते आणि लांबच्या अंतरासाठी चाकांची खुर्ची वापरते. तिला हवे आहे ते एवढेच, की मैत्रिणीच्या घरी रात्री मुक्कामाला जायचे, आणि तेही आईला सोबत न घेता. ही इच्छा अकरा वर्षांच्या कुठल्याही मुलीची असू शकते. पण रेवाच्या वाटेत तीन पायऱ्या आहेत, रात्री पायांत घालायचे स्प्लिंट, म्हणजे पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारे कडक आधार, आहेत, न्हाणीघरातली ओली फरशी आहे, झोपेत येणारे पेटके आहेत, आणि अकरा वर्षांत एकही रात्र लेकीला सोडून न झोपलेली आई आहे. कथानक शोधायला आणखी कुठे जावे लागत नाही. अपंगत्व पानापानावर येते, कारण ते रेवाच्या दिवसात आहे. पण वाचक पान उलटतो तो एवढ्याच उत्सुकतेने, की रेवा शेवटी मुक्कामाला जाते की नाही.

जुने साचे ओळखा

पाश्चात्त्य बालसाहित्यात एक साचा फार जुना आहे. १८७२ सालच्या ‘व्हॉट केटी डिड’मधली अवखळ केटी झोपाळ्यावरून पडून अंथरुणाला खिळते, सोशिक आणि समंजस होते, आणि मग पुन्हा चालू लागते. १८८० आणि १८८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘हायडी’मध्ये मत्सराने पेटलेला पीटर क्लाराची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो आणि खुर्चीविना राहिलेली क्लारा चालायला शिकते. १९११ सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधला कॉलिन बागेच्या मोकळ्या हवेत आपल्या पायांनी चालू लागतो. ही पुस्तके मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने वाचली आहेत आणि त्यांचे इतर गुण मला नाकारायचे नाहीत. तरीही बरे होणे हे सद्‌वर्तनाचे, निसर्गाच्या सहवासाचे किंवा मनोबलाचे फळ असते, असे या कथा एकत्र वाचल्यावर मनावर ठसत जाते. ज्या वाचकाचे पाय कधीच वेगळे होणार नाहीत, त्याने यातून काय घ्यायचे? आपला प्रयत्न कुठेतरी कमी पडला, एवढेच त्याच्या हाती लागते. म्हणून शेवटच्या प्रकरणात मुलाला बरे करू नये. त्याला मारूनही टाकू नये. देवदूतासारखे वागून सर्वांना चटका लावत जाणारे मूल हे त्याच साच्याचे दुसरे टोक आहे.

दुसरा साचा ओळखायला अधिक अवघड असतो, कारण त्यात लेखकाचा हेतू अगदी निर्मळ असतो. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर या अभ्यासकांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘नॅरेटिव्ह प्रॉस्थेसिस’ या ग्रंथात असे मांडले, की कथा अपंग पात्राचा टेकू म्हणून वारंवार उपयोग करून घेतात, पण त्या पात्राच्या जगण्याकडे क्वचितच वळून पाहतात. बालकादंबरीत हे असे घडते: वर्गात नवा मुलगा येतो, तो चाकांच्या खुर्चीत असतो, आणि त्याच्यामुळे नायकाला माणुसकी कळते. आपल्या मसुद्यात असे झाले आहे का, हे पाहण्यासाठी त्या मुलाच्या जागी एखादा जखमी पक्षी ठेवून कथा मनातल्या मनात वाचावी. ती फारशी न अडता पुढे सरकत असेल, तर आपण त्या मुलाला माणूस म्हणून लिहिलेलेच नाही.

अपंग माणसाचे साधे जगणेही इतरांना प्रेरणा म्हणून दाखवणारा साचा याच घरातला. ऑस्ट्रेलियातील विनोदी कलाकार आणि अपंग हक्क कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी २०१४ मधील आपल्या गाजलेल्या व्याख्यानात एक आठवण सांगितली होती. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातील कोणीतरी त्यांना कर्तृत्वाच्या पुरस्कारासाठी सुचवायचे म्हणून त्यांच्या आईवडिलांकडे आले. त्यावर आईवडिलांची अडचण अशी, की मुलीने तोवर काही कर्तृत्व गाजवलेलेच नव्हते. ती शाळेत जात होती, गुण बरे मिळवत होती, इतकेच. ही आठवण मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगतो, कारण त्या मुलीला साधे असण्याची मुभा देणारे आईवडील त्यात आहेत, आणि आपल्या नायिकेला तीच मुभा देणे हे लेखकाचे काम आहे.

शरीर नेमके ठरवा आणि ते वाढू द्या

‘पायाने अधू’ एवढ्या माहितीवर कादंबरी उभी राहत नाही. मुलाला नेमके काय झाले आहे, कधीपासून आहे, दुखते कुठे, दमायला केव्हा होते, सकाळी तयार व्हायला किती वेळ लागतो आणि त्यातला किती वेळ दुसऱ्या कोणाचे हात लागतात, हे सगळे लेखकाला ठाऊक असले पाहिजे, मग त्यातला दहावा भागच पानावर उतरला तरी चालेल. मुख्य म्हणजे त्या विशिष्ट स्थितीत वाढत्या वयाबरोबर काय बदलते, हे समजून घ्यावे. कादंबरीचा खरा कस याच ठिकाणी आहे, कारण प्रत्येक अपंगत्वाचे बालपण वेगळ्या घड्याळावर चालते.

सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण मूल वाढते. हाडे लांब होत जातात आणि ताठ स्नायू त्यांच्या वेगाने लांबत नाहीत, त्यामुळे उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात पाय अधिक आखडतात. चालण्यासाठी अशा मुलांची शक्तीही इतरांपेक्षा खूप अधिक खर्च होते. आठव्या वर्षी शाळाभर कुबड्यांवर फिरणारे मूल तेराव्या वर्षी आपण होऊन खुर्ची पसंत करू शकते. घरच्यांना ती हार वाटते, कारण इतकी वर्षे त्यांनी व्यायामशाळेत आणि फिजिओथेरपीत पावलांचा हिशेब ठेवलेला असतो. मुलाला मात्र इतकेच कळते, की खुर्चीने वर्गात पोचले म्हणजे गणिताच्या तासाला डोके जागेवर राहते. एका घरातल्या माणसांचे एकमेकांवर प्रेम असूनही त्यांच्यात पेटणारा वाद लिहायचा असेल, तर याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

ठिसूळ हाडांच्या विकारात जवळजवळ याच्या उलट घडते. यौवनानंतर अस्थिभंगाचे प्रमाण बहुधा कमी होते. म्हणजे मुलाची हाडे थोडी भरवशाची होऊ लागतात, तेव्हा आईवडिलांच्या मनातली भीती मात्र जुन्याच वेगाने धावत असते. स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारी ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी बहुतांशी मुलग्यांना होते, आणि तिच्यात साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे थांबते. बरोबरीची मुले ज्या वर्षी अंगाने दांडगी होऊ लागतात, नेमक्या त्याच वर्षी. अशी कथा लिहिताना आजार वाढत जाणारा आहे, हे वाचकापासून लपवू नये. मूल स्वतः ते जाणते, बहुधा घरच्यांना वाटते त्याहून आधीपासून. स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याची वाढ जन्मतःच अपुरी राहिलेली, असलेल्या अनेक मुलांना दर काही तासांनी कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, मूत्राशय रिकामे करावे लागते, आणि हे काम आईच्या हातून स्वतःच्या हाती घेणे हा त्यांच्या शालेय वयातला एक मोठा टप्पा असतो. कृत्रिम पाय वापरणाऱ्या लहान मुलाला तो जवळजवळ दर वर्षी बदलावा लागतो, कारण उरलेला पाय वाढतच असतो.

साधनांकडे असेच बारकाईने पाहावे. रेवाचा दिवसा घालायचा स्प्लिंट पोटरीपासून तळव्यापर्यंत कडक प्लास्टिकचा आहे. आतल्या मोज्याला एक जरी चुणी राहिली, तरी दिवसभर ती त्वचेत रुतते, म्हणून रेवा मोजा दोनदा ओढून सारखा करते. स्प्लिंट काढल्यावर उठलेले लाल वण साधारण अर्ध्या तासात गेले पाहिजेत. गेले नाहीत, तर माप चुकले आहे किंवा पाय वाढला आहे. त्यावरून बूट चढवायचा तर तो मोठ्या मापाचा लागतो आणि दुकानातले आवडलेले बूट बहुधा चढत नाहीत. कादंबरीत काळ पुढे गेला हे सांगण्यासाठी ‘सहा महिने लोटले’ असे लिहिण्याऐवजी स्प्लिंटच्या कडेबाहेर डोकावणारी पायाची बोटे दाखवावीत; ऋतुवर्णनापेक्षा ते अधिक बोलते. चाकांच्या खुर्चीची पुढची चाके लहान असतात, ती फटीत अडकतात आणि खुर्ची जागच्या जागी थांबून अंग पुढे झोकले जाते. पावसात हाताने फिरवायच्या कड्यांना चिखल लागतो, तोच तळहातांना, आणि तळहातांचा मग वहीला. एक पायरी उतरायची तर मागे कोणीतरी धरून पाठमोरे उतरणे सुरक्षित असते. ही माहिती एकाच प्रकरणात ओतू नये. एका प्रसंगाला एक तपशील पुरतो, पण तो असा असावा, की ज्याने ती खुर्ची वापरली आहे त्याने मान डोलवावी.

एक प्रसंग जवळून

समजा, रेवाला स्वयंपाकघरातून आपल्या खोलीत पाण्याचा पेला न्यायचा आहे. पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग बहुधा असा उतरतो: ‘रेवाने केविलवाण्या नजरेने पेल्याकडे पाहिले. तिचे दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले होते. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. इतक्यात आई धावत आली आणि तिने पेला उचलला.’ या चार वाक्यांत रेवाने रडण्यापलीकडे काहीही केलेले नाही. शिवाय ती कितीतरी वर्षे कुबड्यांनी वावरते आहे. हात अडकतात हे तिला आज प्रथमच कळले, असे कसे होईल?

तोच प्रसंग असा लिहून पाहावा: ‘पाणी न्यायचे तर बाटली हवी. बाटली दादाने नेली होती, नेहमीप्रमाणे न विचारता. रेवाने पेल्यातले निम्मे पाणी पिऊन टाकले, म्हणजे हिंदकळायला कमी. मग डावी कुबडी कोपराखालच्या कड्यावर लोंबकळू दिली आणि पेला ओट्यावरून टेबलावर, टेबलावरून कपाटावर असा टप्प्याटप्प्याने सरकवत नेला. दाराशी कपाट संपले. तिथून पलंगापर्यंत चार पावले होती आणि मध्ये काहीच नव्हते. “दादा,” ती ओरडली, “माझी बाटली आण, नाहीतर काल रात्री तू फोनवर कोणाशी बोलत होतास ते बाबांना सांगेन.”’

दुसऱ्या मसुद्यात अडचण तीच आहे, उलट ती अधिक स्पष्ट दिसते, कारण वाचकाने पेल्याबरोबर ओट्यापासून कपाटापर्यंतचा प्रवास केलेला आहे आणि उरलेली चार पावले त्यालाही लांब वाटू लागली आहेत. पण रेवाला यावर उपाय ठाऊक आहेत, ते तिने वर्षानुवर्षे बसवलेले आहेत, आणि आज ते अपुरे पडले याचा राग तिला स्वतःच्या पायांवर येत नाही, भावावर येतो. शिवाय ती धमकी देते. नायिकेला धमकी देता आली पाहिजे, चोरून ऐकता आले पाहिजे, मैत्रिणीचा हेवा करता आला पाहिजे. सद्‌गुणांचा पुतळा वाचकाला आदरणीय वाटेल, पण त्याच्याबरोबर मुक्कामाला जावेसे कोणालाही वाटणार नाही.

शब्द कोणते वापरावेत

अपंग, विकलांग, दिव्यांग यांपैकी कोणता शब्द वापरावा, यावर खूप चर्चा होते, आणि कादंबरीच्या बाबतीत ती काहीशी अनाठायी आहे. अकरा वर्षांची मुलगी स्वतःविषयी बोलताना यांतला एकही शब्द सहसा वापरत नाही. ‘माझे पाय ताठ आहेत’, ‘मला पायऱ्या जमत नाहीत’ असे ती म्हणते. कथनातही स्थितीचे नाव घ्यावे आणि पुढे जावे. प्रमाणपत्र, अर्ज किंवा भाषण यांच्या प्रसंगात अधिकृत शब्द येतील, तेव्हा ते मुलाच्या कानांना कसे लागतात तेही लिहिता येईल. टाळायचे ते निवेदकाच्या तोंडचे ‘बिचारी’, ‘खुर्चीला जखडलेली’, ‘आजाराने ग्रासलेली’ आणि ‘नॉर्मल मुले’. खुर्ची रेवाला जखडत नाही. खुर्ची नसली तर ती घरात अडकते. चिडवणारी मुले मात्र ‘लंगडी’ म्हणतीलच, आणि ते त्यांच्या तोंडी येऊ द्यावे, कारण ते गाळले तर वाचकाला आपण खोटे बोलतो आहोत हे लगेच कळते. निवेदकाने ती भाषा उचलू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एका गोष्टीकडे कान द्यावा. आपल्या भाषेत पाय सगळीकडे आहेत. माणूस मोठा होतो म्हणजे स्वतःच्या पायावर उभा राहतो, उत्साही असतो तेव्हा एका पायावर तयार असतो, कंटाळला की पाय मोकळे करायला जातो, आणि पटण्यासारखे कारण नसेल तर लंगडी सबब सांगतो. हे वाक्प्रचार कादंबरीतून खरवडून काढायची गरज नाही. खुर्चीत बसलेली रेवासुद्धा निघताना ‘मी चालले’ असेच म्हणणार, आणि त्यात कोणालाही काही खटकणार नाही. पण बापाने लाडाने ‘एक दिवस तू स्वतःच्या पायावर उभी राहशील’ असे म्हटले, तर ते रेवाला कसे ऐकू येते? ती हसेल, की गप्प बसेल, की ‘उभी नाही राहिले तर?’ असे विचारेल? या एका वाक्यावर एक पूर्ण प्रकरण तोलता येईल, आणि ते फक्त मराठीतच लिहिता येईल.

‘हिला’ आणि ‘तुला’

दवाखान्यातला प्रसंग अशा कादंबरीत बहुधा असतोच. डॉक्टर विचारतात, “हिला चालताना दुखतं का?” आई उत्तर देते, “हो, संध्याकाळी जरा जास्त.” रेवा तिथेच बसलेली असते, पाय तिचे असतात, दुखणे तिचे असते, आणि संभाषण मात्र तिच्या डोक्यावरून चाललेले असते. आपल्या सर्वनामांनी हे काम लेखकासाठी सोपे करून ठेवले आहे. कादंबरीच्या सुरुवातीला ‘हिला’ ऐकून रेवा खिडकीबाहेर पाहत बसते. मध्यावर ती आईच्या आधी उत्तर देते, आणि चुकीचे देते, मुद्दाम, कारण खरे सांगितले तर मुक्काम रद्द होईल. पुढे डॉक्टर स्वतःहून खुर्ची तिच्याकडे वळवून “तुला काय वाटतं?” असे विचारतात, आणि आता खोटे बोलणे अवघड होऊन बसते. वाढ दाखवायची ती अशी. ‘रेवा आता मोठी झाली होती’ या वाक्याची मग गरज उरत नाही.

मदतीचेही असेच. खुर्चीला न विचारता हात लावणे म्हणजे माणसाला न विचारता उचलणे. रेवाच्या कथेत खुर्ची कोण ढकलते, कोण विचारून ढकलते आणि कोण तिला एखाद्या सामानासारखे बाजूला सरकवते, यावरून नात्यांचा सगळा नकाशा काढता येतो. आईचे पात्र लिहिताना मात्र विशेष जपावे. तिला कुढणारी त्यागमूर्ती करू नये आणि अडसर घालणारी खलनायिकाही करू नये. लेकीचे पाय रोज रात्री ताणून देणारे हात तिचे आहेत. रेवाला ते हात कधी नकोसे होतात आणि एखाद्या रात्री पुन्हा हवेसे का वाटतात, हे लिहिताना घाई करू नये.

अंघोळ, शौच, कपडे बदलणे, पाळी येणे यांविषयी लेखक गप्प राहतात, कारण त्यांना अवघडल्यासारखे होते. पण या वयाच्या वाचकांना नेमके तेच जाणून घ्यायचे असते, आणि ज्याच्या आयुष्यात ते रोजचे आहे त्याला ते छापील पानावर कधीच सापडत नाही. माझी कसोटी अशी आहे: रेवा ही गोष्ट आपल्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीला जेवढी आणि ज्या शब्दांत सांगेल, तेवढीच आणि त्याच शब्दांत लिहावी. त्याहून पुढे जाऊन तिच्या शरीराचे प्रदर्शन करू नये.

अडथळा कुठे ठेवायचा

ब्रिटिश अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये अपंगत्वाच्या ‘सामाजिक प्रारूपा’ची मांडणी केली. तिचा गाभा असा, की माणसाला अडवतात ते बव्हंशी समाजाने उभे केलेले अडथळे, म्हणजे पायऱ्या, अरुंद दारे आणि लोकांचे ग्रह. कथालेखकाला ही मांडणी फार उपयोगी पडते, कारण ती संघर्ष मुलाच्या शरीरातून बाहेर काढून जगात आणून ठेवते. मैत्रिणीच्या दारातल्या तीन पायऱ्याच घ्या. प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर एकूण चढ ४५ सेंटिमीटर होतो. रॅम्पसाठी सर्वसाधारणपणे मानला जाणारा उतार एकास बारा, म्हणजे इथे ५४० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागेल. मैत्रिणीचे वडील उत्साहाने दोन मीटरची फळी आणून टाकतात, आणि ती इतकी तिरकी होते, की तिच्यावरून खुर्ची चढवणे धोक्याचे ठरते. माणूस भला आहे, इच्छा चांगली आहे, फळी चुकीची आहे. रेवाला हे सांगायचे आहे आणि सांगायचा संकोचही वाटतो आहे. तिला एक मार्ग ठाऊक आहे: पायरीवर बसून, मागे मागे सरकत, हातांच्या जोरावर चढायचे. घरी ती ते सहज करते. सगळ्यांच्या देखत करायचे की नाही, हा निर्णय तिच्यावर सोडावा आणि तो घ्यायला तिला पान-दोन पाने द्यावीत.

तरीही शरीर पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाही. सगळ्या पायऱ्या उद्या नाहीशा झाल्या, तरी रेवाच्या पोटरीत रात्री पेटका येणारच. दुखणे हे दुखणेच असते, आणि ते कबूल केल्याने कोणाचा मान कमी होत नाही. ज्या कादंबऱ्या फक्त समाजाला दोष देतात, त्या वाचकाच्या रात्रींबद्दल काही बोलत नाहीत.

शेवटाविषयी एकच सांगावेसे वाटते: प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले पाहिजे. रेवा मुक्कामाला जावो, जाऊन मध्यरात्री परत येवो, किंवा मैत्रीणच तिच्याकडे येवो. पण ते तिच्या एखाद्या निर्णयामुळे घडावे, मोठ्यांचे हृदयपरिवर्तन झाल्यामुळे नव्हे. मला व्यक्तिशः मध्यरात्र आवडते: अंधारात स्प्लिंटचे पट्टे उघडल्याचा खर्रकन आवाज येतो, शेजारच्या गादीवरून “काय गं ते?” असा प्रश्न येतो, आणि रेवाला कोणाच्याही मदतीविना, स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यावे लागते.

लिहून झाल्यावर

मसुदा पूर्ण झाला, की तो त्याच स्थितीसह वाढलेल्या प्रौढांना वाचायला द्यावा, शक्यतो दोघातिघांना, कारण एका माणसाचा अनुभव हा सर्वांचा अनुभव नसतो. ‘आमच्याविना आमच्याविषयी काहीही नको’ ही अपंग हक्क चळवळीची घोषणा बालसाहित्यालाही लागू पडते. वाचणाऱ्याच्या वेळेचे योग्य मानधन द्यावे. ‘ठीक झाले आहे ना?’ असे विचारू नये, कारण सभ्य माणूस हो म्हणतो. ‘कुठे खोटे वाटले?’ आणि ‘कुठे कंटाळा आला?’ असे विचारावे. फिजिओथेरपिस्ट आणि पालक यांच्याशी बोलणेही आवश्यक आहे, पण त्यांचे म्हणणे मुलाच्या जागी ठेवू नये. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील सातव्या कलमाने अपंग मुलांचा, त्यांच्याशी संबंधित बाबींत स्वतःचे मत मांडण्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा मुलांनाही वाचू द्यावे. बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मधील एका निबंधात पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटले होते. चालणाऱ्या मुलांसाठी आपली कादंबरी खिडकी असेल, पण आरसा म्हणून तिच्यात पाहणारे मूलही आहे, आणि मसुद्यातील शंकेच्या जागी निर्णय त्या मुलाच्या बाजूने करावा.

चित्रांकडे लेखकाचे सहसा दुर्लक्ष होते. चित्रकाराला नायिकेची खुर्ची नेमकी कोणती, याची छायाचित्रे द्यावीत. मागे ढकलायच्या मुठी असलेली, रुंद, रुग्णालयातली खुर्ची आणि मुलाच्या मापाने बनवलेली, स्वतः फिरवायची खुर्ची यांत फार अंतर असते, आणि चित्रांत सरसकट पहिलीच काढली जाते. कोपराच्या कुबडीला काखेत टेकवू देऊ नये. समूहचित्रात रेवा नेहमी कडेला असेल, तर ते चित्र परत पाठवावे. मुखपृष्ठावर तिच्या हातांत कुबड्या असाव्यात, पाठीवर मुक्कामाची फुगलेली पिशवी असावी, आणि पिशवीच्या न लागलेल्या चेनमधून स्प्लिंटचा एक पट्टा बाहेर आलेला असावा.